बद्री खानूमचा गुडघा आणि शौकतचा बुधवार

आमच्या गल्लीत मंगळवारी सकाळी कुणी मेलं, तर त्याला दुपारपर्यंत रडणारं माणूस मिळायचं नाही. साठीच्या पुढच्या सगळ्या बायका तेव्हा मंडळाच्या तळघरात भाजी निवडत बसलेल्या असतात. मंडळ म्हणजे आपलं धर्मादाय मंडळ. गरिबाघरच्या मुलींना लग्नात फ्रिज, गालिचा, भांडीकुंडी द्यायची, आणि त्यासाठी मेथी, कोथिंबीर, शेपू, पुदिना, कांद्याची पात असलं सगळं निवडून, धुऊन, चिरून, तळून नोकरीवाल्या सुनांना विकायचं. सुना ती भाजी घरी नेतात आणि आपणच निवडली म्हणून सासूला सांगतात. सासू ती स्वतःच तळघरात निवडून आलेली असते, पण गप्प बसते. काशानमधले संसार असेच टिकलेत.

त्या तळघरात चहाच्या समोवारच्या शेजारची, भिंतीला पाठ टेकायला मिळणारी जी वरची, मानाची जागा आहे, तिथे वर्षानुवर्षं बद्री खानूम बसायची. बद्री खानूम मुलींच्या शाळेतली उपमुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका येत गेल्या, जात गेल्या, भीती मात्र हिचीच. ही व्हरांड्यात नुसती खाकरली तरी सातवी ते दहावीच्या पोरींची रंगवलेली नखं मुठीत जायची. मग निवृत्ती आली. नवरा गेला, तो बिचारा तसाही घाबरणाऱ्यांतलाच होता. मुलगी तेहरानला, मुलगा हाम्बुर्गला. घरात हिच्या शब्दाला मान देणारा एक रेडिओ राहिला, तोही कळ फिरवली की बंद होण्यापुरता. अशा वेळी हिला मंडळ सापडलं, आणि मंडळाला काय सापडलं ते मंडळाला पहिल्याच मंगळवारी कळलं.

जमिनीवर सुफरा, म्हणजे भाजी निवडायचं लांबरुंद कापड, अंथरला की कुणी काय निवडायचं ते बद्री ठरवायची. मुनीरे खानूमला पात, कारण तिला धड दिसत नाही आणि पातीत चुकायला फारशी जागा नसते. शौकत खानूमला शेपू, कारण ती बोलताना हातवारे करते आणि शेपू हलका असतो, उडाला तरी कुणाच्या डोळ्यात जात नाही. मेथी फक्त मर्जीतल्या बाईला. आणि पन्नास वर्षं स्वतःच्या घरात स्वैपाक केलेल्या, नातवंडांची लग्नं लावलेल्या बायका पिवळं पान चुकून जुडीत गेलं तर ते गुपचूप मांडीखाली सरकवायच्या. बद्रीला ते दिसायचं. ती नुसता चष्मा पुढे घ्यायची. मंगळवारी घरी जाताना तिची चाल बघावी, विशीतली वाटायची.

एकदा रेडिओवरून एक पोरगी आली होती माइक घेऊन. या वयात तुम्ही सेवा का करता, असं तिनं एकेकीला विचारलं. एकेकीनं डोक्यावरची चादर सारखी केली आणि आकाशाकडे, म्हणजे तळघराच्या छताकडे बघत उत्तर दिलं. कुणी म्हणाली देवाच्या प्रेमाखातर, कुणी म्हणाली त्या पोरींच्या डोळ्यांतल्या आनंदासाठी. मुनीरे तर सांगतासांगता रडली. तिच्या घरचा कूलर बिघडलाय आणि तळघर गार असतं, हे तिनं माइकला सांगितलं नाही. धाकट्या मुलाचं लग्न अडलंय आणि गल्लीतल्या प्रत्येक उपवर पोरीची आजी याच सुफऱ्याभोवती बसते, हेही नाही. शौकत म्हणाली, सेवा केली की झोप छान लागते. सगळ्यात शेवटी बद्री बोलली. म्हणाली, "मी कसली सेवा करते, मी आपली इथे नुसती बसते." रेडिओवाल्यांनी ते वाक्य नम्रतेचा नमुना म्हणून दोनदा वाजवलं. त्या सगळ्या उत्तरांत तेवढंच एक खरं होतं.

आता यावरून बायका ढोंगी असं कुणी म्हणू नये. फ्रिज जायचे तिथे जातच होते. आपण कुणाच्या बिघडलेल्या कूलरमुळे या घरात आलो, हे फ्रिजला थोडंच कळतं.

तर दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला मंडळाची सभा भरते. तळघरातच, भाजी बाजूला सारून. सभेत एक गोष्ट ठरलेली असायची. आगा मुईनी, म्हणजे मंडळाचे चालक, बँकेतून निवृत्त झालेले, बोलता बोलता गहिवरणारे गृहस्थ, सगळ्यांचे आभार मानायचे. मग बद्री खानूम उठायची आणि म्हणायची, माझं वय झालं, गुडघे दुखतात, आता या जागी कुणी माझ्यापेक्षा लायक बाई बसवा. बायका म्हणायच्या, तोबा तोबा, तुमच्याशिवाय या तळघरात अंधार होईल. ती परत म्हणायची, नाही, खरंच. बायका परत म्हणायच्या, आमची मान कापा पण असं बोलू नका. तिसऱ्यांदा ती सुस्कारा टाकून, तुमच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ, असं म्हणून खाली बसायची, आणि पुन्हा वर्षभर कुणी त्या जागेकडे डोळा वर करून बघायचं नाही.

याला आमच्याकडे तारोफ म्हणतात. कोपऱ्यावरचा भाजीवाला रोज म्हणतो, असू द्या हो, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे. तुम्ही म्हणायचं, छे छे, घ्याच. तो म्हणतो, माझी शपथ. तुम्ही पैसे ठेवायचे. एखादा खरंच पैसे न देता पिशवी उचलून निघाला, तर भाजीवाला जागेवर कोसळेल. असं आजवर कुणी केलेलं नाही. असं कुणी करू शकेल, हे बद्री खानूमच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या वर्षी ती पहिल्यांदा म्हणाली, गुडघे दुखतात. बायका म्हणाल्या, तोबा तोबा. ती दुसऱ्यांदा म्हणाली, नाही, खरंच. मुनीरेनं मान कापण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात शेपूच्या ढिगाऱ्याआडून शौकत उठली. डोळ्यांत पाणी.

"बद्रीजान बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "आपण आपमतलबी आहोत गं बायांनो. ती बिचारी दर वर्षी हात जोडून सांगते आणि आपण ऐकूनही घेत नाही. अजून किती छळायचं तिच्या गुडघ्यांना?"

आणि पुढे येऊन तिनं बद्रीचे दोन्ही गाल चुंबले. मग काय, सगळ्याच रडायला लागल्या. त्यातल्या निम्म्या खरंच रडत होत्या, कारण आपण इतकी वर्षं एका दुखणाईत बाईला जमिनीवर बसवलं असं त्यांना मनापासून वाटलं. आगा मुईनी उठले. त्यांनी टेबलावरची फुलदाणी उचलून तशीच, पाण्यासकट, बद्रीच्या हातात दिली. बद्रीचं तिसरं वाक्य तोंडातल्या तोंडात राहिलं. आता म्हणणार काय? गुडघे दुखत नाहीत म्हणावं, तर इतकी वर्षं भर सभेत खोटं बोलली असं होतं. मला जागा सोडायची नव्हती म्हणावं, तर तिच्यात आणि बसमध्ये सीटसाठी भांडणाऱ्या बाईत फरक काय राहिला? फुलदाणीतलं पाणी अंगावर सांडत होतं आणि ती सगळ्यांना धन्यवाद देत होती.

मग वरच्या जागेवर कोण, असा प्रश्न आला. शौकतचं नाव कुणीतरी घेतलं. शौकतनं रीतसर तीनदा नकार दिला. बायकांनी रीतसर तीनदा आग्रह केला. चौथ्या वाक्याला ती समोवारच्या शेजारी बसलेली होती.

बद्रीचे गुडघे दुखत होते, हे खरं. पण भाजी निवडता येणार नाही इतके नव्हते. आता मात्र ते सगळ्या गल्लीसमोर दुखायला लागले, कारण दुसरा इलाजच नव्हता. दुखत नाहीत असं दिसलं, तर लोक विचारतील की मग जागा का सोडली. म्हणून तिनं नवऱ्याची काठी काढली आणि बेकरीपर्यंत लंगडत जायला लागली. सवय नव्हती. जाताना डावा पाय लंगडायचा, येताना उजवा. बेकरीवाल्यानं काळजीनं विचारलं, दोन्ही गेले का खानूम. ती म्हणाली, आलटून पालटून. मंगळवारी सकाळी भाजीचा टेम्पो खिडकीखालून जायचा आणि ओल्या मेथीचा वास थेट वरपर्यंत यायचा. बद्री तेव्हा खिडकी लावून घ्यायची. मग परत उघडायची, मेथी चांगली आलीय की नाही ते बघायला. ती कधीच चांगली आलेली नसायची.

एवढ्यावर थांबलं असतं तरी तिनं निभावलं असतं. पण आगा मुईनींना एक कल्पना सुचली. मंडळानं दर बुधवारी गल्लीतल्या एकाकी, आजारी वृद्धांना घरी जाऊन भेटायचं. भेटायला जाणाऱ्यांची नावं लगेच आली, भरपूर आली. ज्यांना भेटायचं असे वृद्ध मात्र मिळेनात. बहुतेक म्हातारे आधीच सेवेकरी होते. नव्वदीच्या हाजी रहीमना विचारायला गेले, तर हाजींना वाटलं आपल्यालाही सेवेला घ्यायला आलेत, ते बूट घालून दारात उभे राहिले. खरी गोष्ट कळल्यावर त्यांनी दार असं आपटलं की वरून प्लास्टर पडलं. एका म्हातारीनं तर भेटायला आलेल्यांनाच उलट घरात ओढलं, तुमचाच चेहरा किती उतरलाय म्हणून सूप पाजलं आणि परत पाठवलं. मदत करायला सगळी गल्ली एका पायावर तयार होती, मदत घेऊन गल्लीच्या नजरेतून उतरायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी कुणाला तरी आठवलं की जिचे गुडघे गेलेत हे सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलंय, अशी एक बाई आहे.

बुधवारी दहाच्या सुमाराला शौकत आणि मुनीरे बद्रीच्या दारात उभ्या राहिल्या. हातात संत्र्यांची पिशवी आणि डब्यातलं अननस. आजाऱ्याला भेटायला जाताना आमच्याकडे डब्यातलं फळ नेतात. तो डबा कुणी कधी फोडत नाही. तो फडताळात बसतो आणि पुढचा आजारी कोण पडतो याची वाट बघतो. या डब्याला एका बाजूला पोचा होता, आणि तो पोचा बद्रीनं ओळखला. हा तिनंच मुनीरेला पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी दिलेला होता.

मुनीरेनं फोन काढून फोटो काढला. संध्याकाळी तो मंडळाच्या चॅनेलवर आला. काठी हातात धरलेली बद्री, शेजारी तिच्या खांद्यावर हात ठेवलेली शौकत, आणि खाली आगा मुईनींचे शब्द: "एका एकाकी वृद्ध भगिनीच्या चेहऱ्यावर फुललेलं हसू." बद्री अजिबात हसत नव्हती. ती फोटो काढू नका असं म्हणत असताना तो काढला होता.

तेहरानहून मुलीचा फोन आला. आई, तू एकाकी वृद्ध आहेस का? इस्फहानहून भावजयीचा आला, तिच्या आवाजात तर आनंद मावत नव्हता, आम्हाला कळवायचं तरी, आम्ही परके आहोत का. शाळेतल्या जुन्या पोरी, ज्या आता स्वतः आज्या होत आल्यात, त्यांनी फोटोखाली रडणारे चेहरे टाकले. बद्रीनं त्यातला एकेक चेहरा ओळखला. नखं मुठीत लपवणाऱ्याच होत्या सगळ्या.

तिनं आगा मुईनींना फोन करून फोटो काढून टाकायला सांगितलं. आगा म्हणाले, आपली नम्रता आम्हाला ठाऊक आहे खानूम. ती म्हणाली, नम्रता नाही, काढा. ते म्हणाले, आपल्यासारखं मोठं मन सगळ्यांना मिळो. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की जन्मभर एवढं गोड बोलण्याचं हेच फळ आहे, आता खरं बोललं तरी लोक त्यात साखर घालून ऐकतात. फोटो नवा येईपर्यंत राहणार होता, आणि नवा फोटो म्हणजे पुढच्या बुधवारचा, त्यातही तीच.

आता गंमत बघा. घरी पाहुणा आला, तर मग तो आजाऱ्याला भेटायला का आलेला असेना, त्याच्यापुढे चहा, फळं, पिस्ते, मिठाई मांडावीच लागते. त्याला जेवायला थांबा म्हणावंच लागतं. पाहुणा नको नको म्हणतो आणि जातो. मुनीरे अशीच गेली आणि दोन बुधवारांनंतर यायचीच थांबली, हिवाळ्यात कूलरची गरजही उरली नव्हती आणि मुलाचंही जमलं होतं. शौकतला मात्र बद्री पहिल्यांदा जेवायला थांब म्हणाली तेव्हा शौकत म्हणाली, बरं. आणि थांबली. ज्या बाईनं एकदा सभेत तोंडातला शब्द खरा धरून नेला, ती जेवणाला का सोडेल?

मग दर मंगळवारी, जेव्हा बाकीच्या तळघरात मजेत भाजी निवडत असायच्या, तेव्हा ही एकाकी वृद्ध भगिनी स्वतःच्या सेवेला येणाऱ्या बाईसाठी बाजारहाट करायची. रात्री राजमा भिजत घालायची, भाजी तळून ठेवायची. बुधवारी शौकत दहाच्या आधीच यायची, जेवायची, मटण जरा अजून शिजायला हवं होतं म्हणायची, मग सोफ्यावर पाय लांब करून म्हणायची, जरा पडते हं. घोरायची. उठल्यावर परत चहा. अंधार पडायला लागला की पिशवी उचलायची आणि जाताना बद्रीचा हात हातात घेऊन सांगायची, धीर सोडू नकोस.

असे बरेच बुधवार गेले. बद्री मनात चिडून मरत होती, पण चिडता चिडता तिचं एका गोष्टीकडे लक्ष जायला लागलं. मुलींच्या शाळेत तीस वर्षं काढलेली बाई, कोण कशातून पळून आलंय हे तिला वासावरून कळायचं. चार वाजले की शौकत दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघायची. जाताना ती आधी दुकानात जायची, मग परत येऊन काहीतरी विसरलं म्हणायची, मग दारात गप्पा मारायची. घरी जायचं असलेलं माणूस असं वागत नाही.

एका बुधवारी जेवण झाल्यावर बद्री उठली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि दोन पावलं सरळ चालून दाखवली.

"माझा गुडघा बरा झालाय," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी येऊ नकोस."

शौकत सोफ्यावर आडवी होती, ती उठून बसली. आधी तिनं देवाचे आभार मानले. मग म्हणाली, घाई नको करूस, गुडघ्याचं काही सांगता येत नाही, हिवाळा जाऊ दे. बद्री म्हणाली, बरा झाला. शौकत म्हणाली, वरून वाटतो गं बरा. बद्री म्हणाली, मी उद्या मुईनींना फोन करून सांगणार. तेव्हा शौकतनं इकडेतिकडे बघितलं, जसं काही भिंतीपलीकडे कुणी ऐकतंय.

"बद्री, असं करू नकोस," ती म्हणाली. "थंडी सरून नवरोज येईपर्यंत तरी बरी होऊ नकोस. तुझ्या गुडघ्यावर माझा बुधवार उभा आहे गं."

मग सगळं बाहेर पडलं. तिचा नवरा, नुसरतआगा, जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि थेट तिच्या स्वैपाकघरात रुजू झाला. मसाल्याच्या बरण्या त्यानं अक्षरांच्या क्रमानं लावल्या. पातेल्यावरचं झाकण दर दहा मिनिटांनी काढून बघतो. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, तर कुठे चाललीस विचारतो, आणि परत आली, तर काय काम होतं विचारतो. बाहेर जायचं म्हटलं की कशाला. बहिणीकडे कशाला, बाजारात कशाला, आत्ताच तर गेली होतीस. पण पुण्याच्या कामाला तो नाही म्हणू शकत नाही, देवाला भितो. म्हणून मंगळवार. आणि वरच्या जागेवर बसणाऱ्या बाईला सगळ्यांच्या आधी यावं लागतं, शेवटी कुलूप लावून निघावं लागतं, म्हणून वरची जागा. तिला ना मेथीशी देणंघेणं होतं, ना मानाशी. आणि मंगळवार पुरेना म्हणून बुधवार.

बद्री ऐकत होती. तिला राग यायला हवा होता. ज्या जागेपायी ती काठी घेऊन गल्लीभर लंगडत फिरली, ती जागा हिनं तासाभराच्या मोकळेपणासाठी पळवली होती, आणि मेथी पिवळी निघत होती ती वेगळीच. पण एवढी वर्षं शेजारी राहूनही शौकतनं तिला आज पहिल्यांदा साखर न घालता काही सांगितलं होतं. बद्रीनंही मग तेच करून बघितलं. तोंडाला सवय नव्हती, त्यामुळे शब्द जरा जाड निघाले.

"मला माझी जागा परत हवीय."

"नाही," शौकत म्हणाली.

आमच्या गल्लीत नाही हा शब्द एकटा, मागेपुढे काही न लावता, कुणी वापरत नाही. ऐकणाराही दचकतो आणि बोलणाराही. शौकतनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. बद्री मात्र तिच्याकडे असं बघत होती, जसं एखाद्या मठ्ठ पोरीनं अचानक गणित बरोबर सोडवावं.

"तू बुधवारी इथे असतेस," बद्रीनं विचारलं, "तेव्हा तो काय करतो?"

शौकतला ठाऊक नव्हतं. करायचंय काय त्याला, म्हणाली. खिडकीत बसतो. गेल्या वेळी गॅसचं मीटर बघायला माणूस आला होता, त्याला तासभर बसवून घेतलं होतं, शेजारणीनं सांगितलं. तो पोरगा शेवटी पाणी पिऊन, खजूर खाऊन, स्वतःच्या आईचं नाव, गाव सगळं सांगून सुटला.

बद्रीनं चादर डोक्यावर घेतली. काठीही उचलली, कारण गल्ली बघत होती. शौकतला म्हणाली, ऊठ, आपल्याच गल्लीत एक एकाकी वृद्ध आहे आणि मंडळाला पत्ता नाही. शौकतला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती म्हणाली, तो कसला एकाकी, त्याला बायको आहे.

"बुधवारी कुठे असते?" बद्री म्हणाली.

शौकतनं चपला घातल्या. आता बद्रीच्या मनात परोपकाराचं उधाण आलं होतं, असंही कुणी समजू नये. नवा माणूस सापडला की नवा फोटो येईल आणि जुना खाली जाईल, एवढा हिशोब तिचा जिना उतरता उतरताच झाला होता. भाजीवाल्याकडून संत्री घेतली. तो म्हणाला, असू द्या, तुमच्याकडून कसले पैसे. बद्रीनं एक क्षण त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पिशवी परत स्वतःकडे ओढली. मग तिनं पैसे ठेवले.

शौकतनं दारापाशी किल्ली काढली. बद्रीनं तिचा हात धरला आणि स्वतः बेल वाजवली.

नुसरतआगानं पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात दार उघडलं. आधी बायकोकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"किल्ली हरवलीस?" त्यानं विचारलं.

"आम्ही मंडळाकडून आलोय, नुसरतआगा," बद्री म्हणाली, तोच शाळेच्या व्हरांड्यातला आवाज लावून. "तुमची तब्येत कशी आहे?"

काही क्षण त्याला कळेना की ही थट्टा आहे का. मग त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि त्यानं पायजम्यावरच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. देवाची कृपा आहे, म्हणाला, आपली पायधूळ आमच्या डोळ्यांवर. आत जाऊन तो कोट घालून आला. दोघींना बैठकीच्या खोलीत नेऊन बसवलं. त्या खोलीतल्या सोफ्यावर शौकत त्याला एरवी बसू द्यायची नाही, आणि आता ती स्वतःच तिथे पाहुणीसारखी टोकाला टेकली होती.

बद्रीनं विचारलं, झोप लागते का. एवढंच विचारलं. त्यानं आधी झोपेचं सांगितलं, मग दाताचं, मग एकदम कचेरीचं. एकदा डोंगरातल्या एका गावाहून एक माणूस तीन मुलींची नोंद करायला आला होता, तिघींची नावं त्याला आठवेनात, तो दारात बसून रडायला लागला, तेव्हा नुसरतआगानं स्वतःच्या डब्यातली भाकरी त्याला दिली आणि जेवता जेवता एकेक नाव आठवून घेतलं. सांगताना त्यानं त्या माणसाची नक्कलही केली. शौकत हसली. हसून झाल्यावर तिनं बद्रीकडे अशा नजरेनं बघितलं, की हे तुला कसं माहीत होतं. बद्रीला काहीच माहीत नव्हतं. तिनं विचारलं होतं फक्त.

मग बद्रीनं फोन काढला आणि त्याला संत्र्यांची पिशवी मांडीवर धरायला सांगितली. तो म्हणाला, पायजमा दिसेल. ती म्हणाली, कोट दिसला की झालं. तो हसला, आणि खरोखर हसत असतानाचाच फोटो आला.

निघायची वेळ झाली. नुसरतआगा दोघींना दारापर्यंत सोडायला आला, दोघींनाही, बायकोलासुद्धा, छातीवर हात ठेवून, पुढच्या बुधवारी जरा लवकर आलात तर बरं होईल असं म्हणत. बद्री बाहेर पडली. शौकतही तिच्या मागून बाहेर पडली, कारण तो असा वाकून दार धरून उभा होता की आत राहणं शोभलं नसतं. दार बंद झालं. दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या.

"आता मी काय करू?" शौकत म्हणाली.

बद्री म्हणाली, घरी जा. शौकतनं मागे वळून आपल्या खिडकीकडे बघितलं. आत दिवा लागला होता, तो कप उचलत होता. ती थोडा वेळ तशीच भाजीवाल्याच्या दुकानापाशी घुटमळत राहिली. पाहुणी गेली आणि तिच्या पाठोपाठ लगेच बायको आली, हे बरं दिसलं नसतं.